पळीभर पाणी

लेक म्हणाली, बाबा, लग्न करीन मी,
पण पृथ्वीच्या डोक्यावर न बसता.
आणि टेबलावर वही उघडली,
विजेच्या जुन्या बिलांचे पाठकोरे कागद
तिनेच दोऱ्याने शिवलेले.

मी नुकताच रात्रपाळीहून आलो होतो.
बरक्याच्या प्लँटवर सव्वीस वर्षं
मी समुद्रातून मीठ काढून घेतो
आणि उरतं ते गाव पितं.
एका लिटरमागे किती वीज, किती गॅस,
मला झोपेतही सांगता येईल.
म्हणून बहुधा तिने आधी मला विचारलं,
वृंदाला नाही.

हॉल नको. हॉल म्हणजे एसी,
एसी म्हणजे तुमचाच गॅस.
जानेवारीत, सालिमच्या खजुराच्या बागेत,
गोरज मुहूर्तावर.
इथे गाई कुठल्या, मी म्हटलं.
शेळ्या आहेत, ती म्हणाली, धूळ तीच.

केळीची पानं नकोत, सलालाहून
हजार किलोमीटर ट्रकमध्ये बसून येतात.
मोगरा तर विमानाने येतो, बर्फात,
नवरीपेक्षा जास्त जपून आणलेला.
सालिमची आई झावळ्यांच्या चटया विणते,
त्यांवरच पंगत.
मुंडावळ्या खजुराच्या बियांच्या.
वृंदाने स्वयंपाकघरातून ऐकलं
आणि कपाळाला हात लावला,
बरोबर तिथेच
जिथे त्या बिया लोंबणार होत्या.

अंतरपाट म्हणून माझ्या लग्नातलं उपरणं,
हळदीच्या डागासकट.
बत्तीस वर्षं धुऊन न निघालेली हळद,
तिला म्हणे हीच हवी.

इथवर मी हसत होतो.

पाचव्या पानावर वर लिहिलं होतं: विमानं.
खाली चिपळूणची आत्या, इचलकरंजीचा मामा,
सांगलीचे चौघे, अशी साठ माणसं
आणि प्रत्येकापुढे एक आकडा, किलोमध्ये.
आत्या एवढी जड नाही, मी म्हटलं.
ते आत्याचं वजन नाही बाबा,
तिच्या येण्याजाण्याचं आहे.
आणि प्रत्येक नावावरून
पेन्सिलीची एक बारीक रेघ.
ते सगळे फोनवर बघतील.

मी उठलो, नळाखाली पेला धरला.

फोनवर.
आई गेली तेव्हा मीही फोनवरच होतो.
पासपोर्ट कंपनीत अडकलेला,
प्लँटवर शटडाऊन.
तापू नये म्हणून धाकट्याने
फोन चितेपासून लांब धरला होता.
मला दिसत होती नुसती आंब्याची एक फांदी
आणि कुणाची तरी चप्पल.
तेव्हा किती किलो वाचले
कुणी मोजलं नाही.
आम्ही आखातातली माणसं
फार वर्षं पर्यावरण सांभाळत आलो आहोत.

हे मी बोललो नाही.
फक्त म्हटलं, नवरीच्या पाठीशी
मामा उभा लागतो. माणूस लागतो.
पाठीला स्क्रीन टेकवता येत नाही.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
मग रबर घेतला,
मामावरची रेघ खोडली.
आत्याच्या नावापाशी रबर थांबला.
तो अजून तिथेच थांबलाय,
आणि आत्याचे रोज दोन फोन येतायत.

झोपायला जाताना तिने विचारलं,
कन्यादानाचं काय?
तू द्यायची वस्तू नाहीस, मी म्हटलं,
ते राहू दे. पण पाणी लागेल. पळीभर.

किती गोष्टींवर पाणी सोडलं मी,
गुहागरच्या वाडीवर, भावाच्या हाकेवर,
तिच्या पहिल्या चार वाढदिवसांवर.
त्यातलं एकही पाणी माझं नव्हतं.
हे मात्र असेल,
त्याच पहाटेच्या पाळीत केलेलं,
हातातून जाताना ओळख देणारं.

सकाळी वही उघडीच होती टेबलावर.
सहावं पान, तिचं तिरकं अक्षर:
पाणी, एक पळी, बाबांकडून.
खाली परात धरणे.
परातीतलं नंतर खजुराच्या मुळाशी.
आणि त्याखाली, अगदी बारीक:
खारट लागतंय का, आधी बघणे.