झाकणं

माझ्याकडे चारशे सतरा झाकणं आहेत.
केमीची एकशे बारा, ओउलूची एकोणनव्वद,
बाकीची एलेउतेरिओची, चिलीतल्या वाल्दिवियाहून.
गटाराची म्हणा हवं तर, मला राग नाही.
बिडाची, गोल, मध्ये साल कोरलेलं.

दर रविवारी तो एक फोटो टाकतो, मी एक.
(बर्फात माझे काही रविवार बुडतात.)
खाली माप, सेंटिमीटरमध्ये.
‘कशी आहेस?’ असं त्याने चार वर्षांत विचारलेलं नाही
आणि मला खोटं बोलावं लागलेलं नाही.

धुलाईघरात चादरींच्या घड्या घालताना
बायका बोलतात ते माझ्यापर्यंत येतं
तोवर त्या पुढच्या हसण्यावर पोचलेल्या असतात.
मी मागच्या वाक्याला हसते.
सगळ्याच गप्प होतात.

इथे वाक्य थांबून राहतं.
जेवून या, झोपून या, तीन दिवसांनी या,
जागचं हललेलं नसतं.
मी उत्तर लिहिते. पुसते. लिहिते.
तिकडे फक्त शेवटचं पोचतं.

आई म्हणायची, हिल्का, ही कसली गं माणसं,
ना हात, ना चेहरा?
चेहऱ्याचंच तर ओझं आहे, आई,
हे मला तोंडाने सांगता येईना.
एकदा स्वयंपाकघरात बसून
बैठकीतल्या तिला मेसेज केला.
तिने चष्मा शोधल्याचा आवाज आला.
ती उठून आली नाही.
उत्तर आलं: बरं.
मग आम्ही तसंच बोलायला लागलो,
भिंतीच्या दोन बाजूंनी, बहुतेक मंगळवारी.

फेब्रुवारीत ती गेली.
चर्चमधल्या कॉफीला चाळीस माणसं,
एकेक हात माझ्या हातात येऊन गेला.
मी कपबश्या मोजल्या. त्रेचाळीस.

रविवारी लिहिलं: आज फोटो नाही. आई वारली.

तीन ठिपके हलले. थांबले. हलले.
खूप वेळ.
म्हणजे तोही पुसत होता.

मग एक झाकण आलं.
मासळीबाजारामागचं, कडेला गवत,
अक्षरांत पाणी साचलेलं.
माप एकसष्ट. साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस.
आईच्या जन्माचं.
कधीतरी मीच लिहिलं असणार.
तेव्हापासून शोधत होता
की आधीच सापडलं होतं, विचारलं नाही.

सकाळी फावडं घेऊन
आमच्या दारासमोरचं झाकण मोकळं केलं.
साल झिजून गेलेलं.
माप तेवढं पाठवलं:
अठ्ठावन्न.