पाखडताना

मार्च. वार्दोच्या धक्क्यावर दुपारचे अडीच,
उजेड असा की कुणी चहात
पाणी वाढवत नेलंय पाहुणे येतील तसं.
एगिल बोट खडकाला लावतो, रोजचंच सांगतो,
"टोप्या घाला. वरचे लोक
खालच्यांचा विचार करत नाहीत."

मग कड्यावरून कुरव सुटतात.
हजार, दोन हजार, एकाच दचक्यात.
पंख गोठवायचा तर शटर अडीच हजारांश हवं,
आणि उजेड नाही,
म्हणून आयएसओ बारा हजारांच्या वर.
बोटं आहेत असं धरून चालायचं.
एक पक्षी निवडते, त्याचा डोळा,
फोकसचा चौकोन त्याच्यामागे धावतो,
तो वाऱ्यावर कलतो
आणि चौकोन कड्याला चिकटून बसतो गोचिडीसारखा.
चाळीस फोटो. अडतीस शेपट्या.
एक नुसतंच आकाश.
एक खरा.

रात्री, कॉड सोलण्याची पाळी संपवून,
हाताला वास तसाच,
तो एक उघडते.
आकाशभर रवा सांडलेला,
त्यात लाल-हिरवे कण, किडे लागल्यासारखे.
पडद्यावर एक पट्टी आहे. गोंगाट कमी करा, म्हणते.
जिथं शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं
त्या कड्याचा गोंगाट
मी एका बोटानं उजवीकडे सरकवते.
तीस. पन्नास. सत्तर.
आकाशावर साय धरते.
पंखांची काळी टोकं तेवढी उरतात,
दौतीतून आत्ताच काढल्यासारखी.
छान. इतकं छान की मी हालडिसला फोन केला.

हालडिस तेहेतीस वर्षं हा कडा मोजते आहे.
खिशात लोखंडी खटका, दाबला की एक.
लग्नाच्या दिवशीही मोजून आली होती म्हणतात,
आणि लग्न दहा मिनिटं उशिरा लागलं.
ती बूट न काढता आत आली,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
बराच वेळ काही बोलली नाही.
"धुण्याआधीचा दाखव."

दोन्ही शेजारी लावले.
तिनं नख टेकवलं वरच्या डाव्या कोपऱ्यात.
"हे काय?"
"नॉइज."
"हा नॉइज रांगेत उडतोय."

मी मोठं केलं.
रव्यातले काही कण
बाकीच्यांसारखे विखुरलेले नव्हते,
एकमेकांपासून सारख्या अंतरावर,
पुढचा जरा खाली,
समुद्रावरून घरी येणारे.
खटका वाजू लागला.
अकरा.
साय धरलेल्या आकाशात तिथं
काहीच नव्हतं. डागसुद्धा नाही.

पाखडताना खडे जावेत म्हणून सूप हलवलं
आणि पाखरं गेली.

"मागच्या वर्षीचे?" तिनं विचारलं.
मागच्या वर्षी आकडा घसरला होता.
सभेत लोक गप्प बसले होते,
कुणी समुद्र तापला म्हणालं, कुणी मासळी,
एगिलनं गरुडाला शिव्या घातल्या.
तो आकडा माझ्या फोटोंवरून काढलेला.
स्वच्छ केलेल्या.
मूळ फोटो मी जागा करायला पुसले होते, जूनमध्ये.
हे सांगताना मी की-बोर्डकडे बघत होते.

ती रागावली नाही. ते बरं झालं असतं.
वहीतलं मागचं पान काढलं,
आकडा खोडला नाही,
शेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह,
इतकं फिकं की तेही कुणाला
कागदाचा दोष वाटेल.
मग म्हणाली, कॉफी आहे का.

ती गेल्यावर पट्टी शून्यावर आणली.
अकरा जण परत आले, रव्यासकट, किड्यांसकट.
फोटो आता कुणी भिंतीवर लावणार नाही.
पाळीचा भोंगा व्हायला दोन तास होते,
झोपायला हवं होतं.
मी उजवा कोपरा मोठा केला.