दोन खुणांच्या मधला

आधी कानस.
गळाच्या टोकामागचा उलटा दात
घासून घासून सपाट करायचा,
मग नखावरून ओढून बघायचा.
अडकला, तर पुन्हा.
बावतीस किणी हे शिकवताना
माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

पहाटेची तर, वर्सोव्याहून मढला.
तरीत दूधवाला, दोन सायकली, बर्फाची लादी
आणि रॉड उभा धरून मी.
आठवडाभर म्युनिसिपल हॉस्पिटलात
माणसांची हाडं बघते,
श्वास घ्या, धरा, सोडा, म्हणते.
रविवारी फक्त पाणी,
ज्याच्या आतलं काही दिसत नाही.

रॉडच्या बुंध्याकडून मोजलेल्या
लाल नेलपॉलिशच्या दोन खुणा.
पहिलीपेक्षा आखूड रावस : पोर आहे, जाऊ दे.
दुसरीपेक्षा लांब : तीही जाऊ दे,
कारण रावस आधी नर असतो
आणि वाढता वाढता मादी होतो;
या किनाऱ्यावरची प्रत्येक थोराड मादी
कधीकाळी कुणाचा तरी बाप होती.
मधला मिळाला तर घरी न्यायचा.
वर्षात दोन. तिसरा नाही.
शिंगाळे हवे तेवढे.
हा कायदा कुठे छापलेला नाही.
बावतीसांनी केला, चौघांनी मानला,
त्यातल्या एकाने मोडला, तो आता येत नाही.

"पुण्यबिण्य काही नाही गं," ते म्हणतात,
"मासा खायची हौस दांडगी, म्हणून सोडतो."
मग बऱ्याच वेळाने, कोळंबी सोलता सोलता :
लग्नाच्या वर्षी एका सकाळी नऊ काढले,
सगळ्या भरल्या पोटाच्या.
गाबोळी तळली, वाटली, तरी उरली,
कावळ्यांना टाकली.
"कावळ्यांना," एवढंच पुन्हा म्हणाले.

आज सव्वासातला दोरी ताणली,
आधी नुसती शंका आल्यासारखी,
मग रीळ ओरडत सुटलं.
खळग्यात आणला तेव्हा
बोथट नाक, हनुवटीखाली पाणी चाचपणाऱ्या मिशा,
डोळ्यावर साय धरल्यासारखा पडदा.
हात ओले केले. रॉड शेजारी धरला.
शेपूट दुसऱ्या खुणेवर.
अलीकडे नाही, पलीकडे नाही,
खुणेवर.

नेलपॉलिशची रेघ चांगली अर्धा बोट जाड,
आणि आज सासऱ्यांची पंचाहत्तरी,
घरी नारळ खवून ठेवलेला.
शेपटीची दोन टोकं चिमटीत जुळवली तर लांब,
पसरू दिली तर आखूड.
दोनदा जुळवली. तीनदा पसरली.
बावतीस पलीकडच्या खडकावर पाठ करून उभे.
वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पोटावरून अंगठा फिरवला.
माझं मशीन इथे नाही.
मऊ आहे, एवढंच कळलं.
तोंड लाटेकडे करून धरलं.
श्वास घ्या, म्हणाले मी, खरंच म्हणाले.
कल्ले उघडले, मिटले, उघडले.
धरा.
सोडा म्हणायच्या आत
मनगटावर शेपटीचा फटका, आणि खळगा रिकामा.

परतताना बाजारात चांगुणाच्या पाटावर
तीन रावस, माझ्या खुणेपेक्षा कितीतरी लांब.
"आमचं जाळं काय टेप घेऊन बसतं?" ती हसली,
कोयता धुतला,
मग बाजूच्या रिकाम्या पाटावर पाणी मारत :
"आधी टोपलीनं यायचे. आता बोटांवर मोजते."
मी काही बोलले नाही. माझ्या पिशवीत
दोन शिंगाळे अजून कुरकुरत होते.

कालवण चांगलं झालं.
सासऱ्यांनी काटे ताटाच्या कडेला नीट लावले,
विचारलं, "रावस नाही लागला?"
"लागला," म्हणाले, आणि भात वाढला.

रात्री ब्लेडने जुनी रेघ खरवडली,
नवी काढली, सुईच्या टोकाने, केसाएवढी.
कुठल्या बाजूला सरकली,
ते बावतीसांना सांगितलेलं नाही.