शेऱ्याचा रकाना

एप्रिल सरत आलाय, कूलरला पाणी नाही,
आणि टेबलावर एक्केचाळीस फॉर्म.
विषय : भाषा आणि विदा.
गुण एक ते पाच. नाव लिहू नये.

नाव लिहू नये, पण अक्षराला कोण सांगणार?
हा घाईचा, उजवीकडे कललेला काना निखारेचा.
त्यानं सगळ्याला पाचपैकी पाच दिलेत,
पंख्यालासुद्धा. पंख्याचा प्रश्नच नव्हता,
रकाना त्यानं स्वतः आखून घेतला.

"म्याडम शिकवते जमके, पण नेट चालत नाही."
"लॅबमधी सतरा कॉम्प्युटर, चालू नऊ."
"याच्यानं नोकरी लागते का, तेवढं सांगा."
एकानं कोपऱ्यात समोसा काढलाय,
वाफेसकट.

ऑफिसातून वैरागडेंचा निरोप :
सोमवारपर्यंत एक्सेलमध्ये भरा.
शेऱ्यापुढे तीनपैकी एक खूण हवी,
चांगला, वाईट, मधला.
हेच तर शिकवलं मी पोरांना सहा महिने,
वाक्य उचला, खूण लावा, पुढे चला.

"ठीकठाक." मधला.
"झोप आली." वाईट.
"बेकार नव्हता."
इथं बोट थांबलं.
माझा भाऊ मुलगी बघून आला तेव्हा
एवढंच म्हणाला होता,
आणि आईनं त्याच संध्याकाळी
हलवायाला पेढे सांगितले.
चांगला.

पुढचा फॉर्म निळ्या शाईचा :
"मले वाटलं विदा म्हणजे बिदाईवाली विदा.
भाषेले निरोप द्यायचा कोर्स असंन.
बसलो तर थोडा तसाच निघाला."
हसले. मग परत वाचलं.
खूण नंतर लावू म्हणून बाजूला ठेवला.

आणि ही एक ओळ, सही केल्यासारखी तिरपी :
"मी काहून लिवतो, मशीन काढून करते. काहून?"
एक्सेलमध्ये टाइप केली जशीच्या तशी.
डोळ्यांदेखत झालं :
मी काढून लिवतो, मशीन काढून करते. काढून?
तीनदा दुरुस्त केली.
चौथ्यांदा पाणी प्यायला उठले.

शेवटचा फॉर्म पेन्सिलीचा.
गोल, दाबून काढलेलं अक्षर. पराते.
गोळीबार चौकातून येते, तिसऱ्या बाकावर बसते,
वर्षभरात एकदाही हात वर केला नाही.
"हजार वाक्यं घरून आणाची होती.
माझी चारशे बारा झाली. बाबा कमी बोलते.
तुम्ही दहा मार्क कापले, ते बरोबर आहे.
पण रेकॉर्डिंगमधी मागं हातमागाचा आवाज येते.
त्याले वाक्य धरता येते का?"

मी ऐकलं नव्हतं.
फाइलच्या तळाशी जाऊन ओळींचा आकडा पाहिला होता,
चारशे बारा,
आणि लाल पेन उचललं होतं.

आता कपाटातून हेडफोन काढला.
खट, खटक. खट, खटक.
मध्ये दोरा तुटला असावा, सगळं गप्प.
कुणीतरी खाकरतं. पुन्हा खट.
सहाव्या मिनिटाला : "च्या झाला का?"
एकोणिसाव्या मिनिटाला : "लाइन गेली वाटते."
मग बराच वेळ नुसता माग,
इतका वेळ की मी तो मोजणं विसरले.
एकतिसाव्या मिनिटाला,
फोनच्या अगदी जवळ येऊन, हळू :
"ह्यात काय सापडते व तुले?"

मुलीचं उत्तर नाही. रेकॉर्डिंग तिथंच थांबतं.

बाहेर ऊन कलायचं नाव घेत नाही.
दहा मार्क परत दिले, ते सोपं होतं.
पेन्सिलीच्या शेऱ्यापुढे कर्सर लुकलुकतोय
चांगला, वाईट, मधला यांच्या अलीकडे.

सोमवारी वैरागडेंचा फोन येईल :
म्याडम, एक खाना रिकामा राहिला तुमचा.
सांगेन,
रिकामा नाही हो भाऊ,
जरा आवाज वाढवून बघा.