तीसचा सॉकेट

साठ मैलांच्या पुढे गेलं की घरघर सुरू व्हायची.
उजवीकडे वळताना वाढायची,
डावीकडे वळताना कुजबुजीवर यायची.
म्हणजे डावं चाक, पुढचं.
एवढं निदान माझं मी केलं,
ईरी गावाबाहेरच्या हायवेवर, रेडिओ बंद ठेवून.

गॅरेजवाल्याने लिहून दिलेला आकडा
घडी घालून पर्समध्ये ठेवला.
हत्यारं होती माझ्याकडे. सेलमधला डबा, एकशे आठ नग,
त्यातल्या शंभरांनी अजून नटाचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेजारचा यूजीन पिओत्रोव्स्की,
एकतीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात,
आता दोन्ही गुडघे स्टीलचे,
घडीची खुर्ची घेऊन आला आणि
एकेक सॉकेट उजेडात धरून पाहू लागला,
भेंडीचं टोक मोडून बघावं तसा.
"बारा कोपऱ्यांचा नको.
तो सगळ्यांशी गोड बोलतो, जोर पडला की निसटतो.
सहा कोपऱ्यांचा आण, तीसचा.
जाड, काळा. चकाकणारा नको."

इथे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ पडतं,
लोणच्यालाही लाजवेल इतकं.
पण हे मीठ काही टिकवत नाही.
अकरा हिवाळे मुरलेला तो नट
माझ्याकडे ओळख नसल्यासारखा बघत होता.

माझे बाबा कऱ्हाडला टाइपरायटर दुरुस्त करायचे.
त्यांचा सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर
माझ्या करंगळीएवढा.
जोर हा शब्द आमच्या घरात
फक्त तापाबद्दल बोलताना यायचा.

नटाची दुमडलेली कड छिन्नीने उघडली.
चाक जमिनीवरच होतं, कुणीतरी ब्रेक दाबायला हवा,
म्हणून यूजीन कुरकुरत गाडीत बसला.
पान्याला हातभर लांब दांडा,
दांड्यावर चार फुटी पाइप, पाइपवर मी.
वजन बावन्न किलो.
लांबी विकत मिळते, वजन मिळत नाही.
कर्रर्र.
मला वाटलं, पाना तुटला.
नट सुटला होता.

मग जॅक, आणि जॅकनंतर लगेच घोडी.
(जॅक उचलायला असतो, भरवशाला नाही.)
बॉल जॉइंटसाठी मी दोन दातांचा फाटा आणला होता.
तो ठोकला की सांधा सुटतो
आणि रबराची टोपीही फाटते.
यूजीनने स्वतःचा स्क्रूवाला पुलर दिला,
हळूहळू आवळायचा, मग एकदम "ठप्प".
हबसाठी सरकता हातोडा
पार्ट्सच्या दुकानातून, अनामत भरून.
त्याच्या मुठीवर कुणीतरी खिळ्याने कोरलं होतं: डॅरिल.
डॅरिल, तुझंही असंच गंजलं होतं का?
बाविसाव्या ठोक्याला हब निघालं,
नारळाची करवंटी सुटावी तसं.

"आता उघडलंच आहे तर," मी म्हणाले,
"स्प्रिंग पण काढू. दाबायचे हुक आणलेत भाड्याने."
यूजीन काही बोलला नाही.
फक्त खुर्ची उचलली
आणि चार हात मागे नेऊन ठेवली.

ते हुक मी न वापरताच परत केले.
दुकानातल्या पोराने विचारलं, बिघडलेत का?
नाही म्हटलं. चांगलेच आहेत.
पण वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं काही
उसन्या हुकांवर उघडू नये,
घराच्या ड्राइव्हवेत तर नाहीच.
त्या कामापुरता गॅरेजवाल्याचा नंबर
हेच योग्य हत्यार.

शेवटी टॉर्कचा पाना.
पुस्तकातला आकडा लावला, ओढत गेले, ओढत गेले,
आणि "टक्".
एवढासा आवाज.
बाबा एखादी अडकलेली कळ मोकळी करून
एकदा दाबून बघायचे ना,
तसा.
मी पुन्हा ओढणार होते, उगाच, ऐकायला.
"पुरे," यूजीन म्हणाला.

रविवारी सत्तरने गेले.
शांतता.
मग कळलं,
कपाच्या खोबणीत एक चमचा खुळखुळतोय,
कधीपासून कोण जाणे.