चाळीस पावलं

सभा साडेसहाची. बाहेर उणे बावीस.
चर्चच्या तळघरात कॉफीची मोठी किटली,
सुकलेले डोनट, आणि चार टेबलं जोडून
अंथरलेलं अख्खं डाउनटाउन.

मारेननं समजावलं : हिरवी टिकली म्हणजे हवं,
लाल म्हणजे नको. माणशी पाच.
माझं काम कोपऱ्यात बसून लिहून घ्यायचं,
एका माणसाला एक ओळ.
नगरपालिकेचा तक्ताच तसा आहे.

बोहदान कोस्तिन्यूक काठी टेकत आला.
नकाशावर वाकून म्हणाला, माझं दुकान कुठंय?
ते पाडून एकोणीस वर्षं झाली, कुणीतरी बोललं.
ठाऊक आहे. शेवटचं कुलूप मीच लावलं.
जागा तरी दाखवाल?
मारेननं बोट ठेवलं : पार्किंग ब, दोनशे चाळीस गाड्या.
त्यानं पाचही टिकल्या तिथंच चिकटवल्या,
एकीवर एक, तीन हिरव्या, दोन लाल,
आणि वरून अंगठ्यानं दाबल्या.
एका ओळीत काय लिहू?

अ‍ॅग्नेस फ्लेटबाईंनी एकही लावली नाही.
सत्त्याण्णव साली पिवळ्या होत्या, त्या म्हणाल्या,
त्याच्याआधी टाचण्या.
टाचण्या बऱ्या. निदान टोचायच्या तरी.
हशा पिकला. मारेनही हसली,
कानाच्या पाळीपर्यंत लाल होत.

रोदेलियोनं एवढंच विचारलं :
हे सगळं बांधून झाल्यावर
आम्ही इथं असू ना?
या प्रश्नाला नकाशावर जागा नव्हती.
टिकली बोटावर घेऊन तो बराच वेळ फिरला,
शेवटी स्वतःच्या कोटाला लावून घरी गेला.

नऊ वाजता मोजणी. एकसष्ट माणसं.
कारंज्याला हिरव्या चव्वेचाळीस.
मारेन मात्र रिकाम्या खुर्च्या मोजत होती.
हे लोक कुठं असतील?
कामावर, बाई, अ‍ॅग्नेस म्हणाल्या,
आणि जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

म्हणून आम्ही पहाटे पावणेपाचला बसथांब्यावर.
हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातली पाळी सुटलेली.
वारा नकाशा हिसकावतोय,
दोन टोकं माझ्याकडे, दोन तिच्याकडे.
टिकल्या चिकटेनात. थंडीत गोंद मेलेला.
पेनातली शाईही थिजलेली.

तिगिस्त नावाची बाई नकाशाकडे बघेचना.
हातमोज्यानं रस्ताच दाखवला :
त्या दिव्यापासून ह्या दिव्यापर्यंत
अंधार. चाळीस पावलं. रोज मोजते.
तेवढी चाळीस पावलं
मी फोन कानाला लावून भावाशी बोलते,
मोठ्यानं, आलेच म्हणून.
तो एवढ्या पहाटे उठतो? मारेननं विचारलं.
मला भाऊ नाही, ती म्हणाली,
आणि बस आली.

बस गेल्यावर मारेननं नकाशा गुंडाळून
माझ्या काखेत दिला.
पहिल्या दिव्याखाली उभी राहिली
आणि चालत सुटली अंधारात, मोठ्यानं मोजत.
मधेच ती दिसेनाशी झाली,
नुसते आकडे ऐकू येत राहिले,
बर्फ बुटाखाली कुरकुरत राहिला.

दुसऱ्या दिव्याशी पोचली तेव्हा चौतीस झाले होते.
तिचे पाय लांब आहेत.
मी पेन्सिल काढली, तक्ता गुडघ्यावर घेतला.
चाळीस लिही,
ती तिकडूनच ओरडली.