सुकती

चाळीस घड्याळे आली होती बांबोळीच्या इस्पितळात,
काळे पट्टे, पाठीवर हिरवा डोळा.
अर्धी बोलणारी, अर्धी मुकी.
कुणाला कुठले ते संगणकाने ठरवले
आणि शिरदोनच्या आपोलिना वाझला,
सहभागी क्रमांक ०१७, वय एकसष्ट,
गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेलेली,
मुके मिळाले.

मी संमतीपत्र वाचून दाखवले, पाने अकरा.
‘या अभ्यासातून तुम्हांला थेट लाभ होईलच असे नाही’
या ओळीवर ती हसली.
म्हणाली, दर्यासुद्धा हेच सांगतो,
फक्त सही मागत नाही.

माझे काम सोपे.
रोज सकाळी पडद्यावर आदल्या दिवसाचे ठोके उतरवायचे,
जिथे ठोके नाहीत तिथे ९९९ लिहायचे.
९९९ म्हणजे माहिती उपलब्ध नाही.
हृदय चालू असेलही,
आमच्यासाठी नाही.

आपोलिनाचे रोज अडीच तास गायब.
सोमवारी सहा ते साडेआठ.
मंगळवारी पावणेसातच्या पुढे.
बुधवारी पावणेआठला सुरू.
संख्याशास्त्राचे सर पुण्याहून म्हणाले,
यादृच्छिक गळती आहे, चालेल.

मी साखळीची. आमच्या नदीला वेळापत्रक नाही.
म्हणून मला अकरा दिवस लागले
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायला.
रोज पन्नास मिनिटे उशीर.
इतक्या नेमाने उशिरा येणारा
माझ्या ओळखीत एकच,
चंद्र.

गेले शिरदोनला.
पाणी पार मागे हटलेले, झुवारीचे तोंड उघडे,
आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका
टाचेने चाचपत, बोटांनी उकरत
तिसऱ्या काढताहेत.
घड्याळ होडीच्या कठड्यावर, करवंटीत, रुमालाखाली.
‘परक्याची वस्त, बाय. रेंवेन काच खरपता.’

म्हणजे ती निजलेली असताना आम्ही मोजत होतो,
मिशीला बसलेली असताना,
कढीला ढवळा देताना,
आणि जिथे भरली टोपली डोक्यावर घेऊन
ती चिखलातून पाय उपसते,
छाती भात्यासारखी चालते,
तिथे ९९९.

एका रात्री तीनला रेघ एकशे चाळीसवर चढली.
घड्याळ मुके, ते काय बोलणार.
मला दिसले सकाळी दहाला. चहा तसाच राहिला.
तिने फोन उचलला नाही. पुन्हा नाही.
मग आठवले, साडेनऊची ओहोटी.
दुपारी डॉक्टरांनी बोलावून पट्टी काढली, ठीक निघाली.
रात्री काय झाले विचारले तर म्हणाली,
तारवार आहे ना माझा अंतोन,
त्याचा फोन आला, चार महिन्यांनी.
एवढेच.
बातमी बरी की वाईट, ते मी विचारले नाही.
अर्जात तो रकाना नव्हता.

मेअखेर घड्याळे परत आली.
एकोणचाळीस पुसून डब्यात गेली,
तिच्या बकलात मीठ बसलेले, टाचणीनेही निघेना.
वरून प्रश्न आला:
०१७, परिधानाचे तास अपुरे. वगळावे का? कारण कळवा.
कारणाला वीस अक्षरांची जागा.
मी लिहिले, सुकती.
उत्तर आले, हा शब्द यादीत नाही.

तो प्रश्न अजून उघडाच आहे,
नावापुढे लाल ठिपका.
आणि मी तिला फोन करायचा झाला
तर आधी तिथी बघते.
काल अष्टमी होती. भांगाचे पाणी,
फार हटणार नाही, ती घरी असेल.
होती.
म्हणाली, बाय, ती दुसरी, बोलणारी घड्याळे,
त्यांनी लोकांना काय सांगितले गं?

मी म्हटले, अजून मोजतोय.